खिळ्यावरचा नान

३१ ऑगस्ट, बिश्केक

उद्या सकाळी सातची बस. सॅक चौथ्यांदा उपसली आणि चौथ्यांदा भरली. सून गुलझात मला अपा, म्हणजे आईच, म्हणते. ती म्हणाली, "अपा, लोकरीचे मोजे कशाला? ताश्कंदला लोक उन्हानं वितळतायत." मी म्हटलं, डोंगरातल्या नारिन गावच्या बाईला मोज्यांशिवाय उंबरा ओलांडायची सवय नाही. मोजे आत गेले. सॅक गुलझातच्या धाकट्या भावाची आहे, केशरी रंगाची, पाठीवर घेतली की मी मागून पंचविशीची दिसते असं ती म्हणाली. पुढून काय दिसते ते मी विचारलं नाही.

वय सत्तावन्न. चौतीस वर्षं भूगोल शिकवला. फळ्यावर ताश्कंद इतक्यांदा काढलं की डोळे मिटून ठिपका देईन, पण गेले कधीच नाही. आधी पोरं लहान, मग सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, मग यांचं आजारपण. जूनमध्ये निवृत्त झाले. उद्या एक सप्टेंबर, शाळेची पहिली घंटा. दर वर्षी त्या दिवशी दोन्ही हातांत मावणार नाहीत इतकी फुलं मिळायची. नेमकी उद्याचीच बस का घेतलीस, असं उलारबेकनं विचारलं. तिकीट तेवढंच मिळालं, असं सांगितलं.

उलारबेक म्हणजे माझा मुलगा. त्याच्या मते आईचं डोकं फिरलंय. आज जेवताना त्यानं अट घातली. "तीन आठवडे दिले, अपा. ताश्कंद, समरकंद, बुखारा, खिवा. पण रोज फोन उचलायचा. आणि कुठंही एक जरी गडबड झाली, तर पुढं पाऊल न टाकता सरळ परत यायचं आणि आमच्या जुळ्यांना सांभाळायला कायमचं इथं राहायचं."

"आणि गडबड नाही झाली तर?"

"तर मग... बघू."

"बघू-बिघू नाही. तर मग मला वाटेल तेव्हा मी निघणार आणि वाटेल तिथं जाणार. जुळ्यांना भेटायला येईन, सांभाळायला नाही."

हातावर हात मारला. त्याला खात्री आहे की पाच दिवसांत मी परत येईन. बघच म्हणावं!

२ सप्टेंबर, ताश्कंद

पोचले! पोचले! पोचले! मुलांच्या निबंधात एकापुढं एक तीन उद्गारचिन्हं आली की मी लाल शाईनं दोन खोडायची. आज खोडणार नाही.

सकाळपासून मेट्रोत सहा वेळा चढले-उतरले. काम काहीच नव्हतं. एक स्थानक दुसऱ्यासारखं नाही आणि वर झुंबरं! नारिनच्या नाट्यगृहात नाहीत तसली. डब्यात शिरले की चार-चार पोरं एकदम उठून उभी राहतात. पहिल्यांदा मी ऐटीत सांगितलं, "बसा रे, मी सॅकवाली आहे, मला जागा नको." कोणी बसेना. दोन स्थानकं गेली तरी ती चार आसनं मोकळी आणि अख्खा डबा माझ्याकडं बघतोय. शेवटी बसले. मग सगळे सुटल्यासारखे बसले.

उतरलेय चोर्सू बाजारामागच्या बोळात, मुकर्रम-ओपाच्या घरी. अंगणात द्राक्षाचा मांडव, कोपऱ्यात तंदूर, तीन खोल्या पाहुण्यांना. सध्या पाहुणी मी एकटीच. ओपा म्हणजे ताई. माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. बोलते कमी, पण बोलली की टोचते. माझी सॅक बघून म्हणाली, "हे काय, घर सोडून आलात?" मी म्हटलं, तीन आठवड्यांपुरतं. चहाची दुसरी किटली संपेपर्यंत आम्ही अगंतुगंवर आलो होतो. ती मला मास्तरीणबाई म्हणते. थोडी तिची भाषा, थोडी माझी, अडलं की रशियन. व्यवस्थित चाललंय.

उलारबेकचे आज तीन फोन. जेवलीस का, पासपोर्ट कुठंय, पाय दुखतात का. तिसऱ्या वेळी ओपासमोरच कट केला आणि म्हटलं, "पोरं नुसता जीव खातात गं! तुझी बरी, एकदाही वाजला नाही तुझा फोन." ती किटली घेऊन आत गेली. चहा अजून अर्धी किटली होता, मला हवाही होता.

घर आरशासारखं लख्ख. एकच गोष्ट खटकली. स्वयंपाकघरात भिंतीवर, उंच खिळ्याला एक वाळका नान टांगलाय. कडेला कुणीतरी चावा घेतलेला. इतक्या टापटिपीच्या बाईकडे हे काय? मी विचारलं तर म्हणाली, "असू दे तो." बिचारी ओशाळली असणार. मी विषय वाढवला नाही.

३ सप्टेंबर

आज हरवले, आणि काय मजा आली!

चोर्सूच्या घुमटाखालून एका दारानं शिरले आणि भलत्याच दारानं बाहेर पडले. नकाशा होता, उघडला नाही. चौतीस वर्षं दुसऱ्यांना दिशा शिकवल्या, एक दिवस दिशांशिवाय जगून बघू म्हटलं. एका सुतारानं पाळण्याला रंग देता देता मला चहा पाजला. एका म्हातारीनं सॅकला हात लावून पाहिला आणि विचारलं, "यात काय विकायला आणलंयस?" मी म्हटलं, मोजे. ती घ्यायलाच निघाली. दुपारी एका खानावळीत फळ्यावर आमच्या गावाचं नाव! इथं घोड्याच्या मटणाच्या शेवयांना नारिन म्हणतात. दोन ताटं खाल्ली. एक माझं, एक यांच्या वाटचं. ते असते तर त्यांनी मीठ कमी आहे म्हटलं असतं.

घरी आले तर ओपानं रस्सा केलेला. चव उत्तम, पण बटाटे केवढाले! एका बटाट्याचे फक्त दोन तुकडे. मी म्हटलं, "ओपा, विळी-सुरीशी भांडण आहे का तुझं?" ती म्हणाली, "मोठाच बरा लागतो." कुणाला बरा लागतो ते सांगितलं नाही. घरात तर ती एकटीच.

उलारबेकचे चार फोन. दोन उचलले.

एक लिहून ठेवते. कुठंही फोन वाजला, माझा किंवा शेजारचा, की ओपा आधी आपल्या फोनकडं बघते आणि मग त्या खिळ्याकडं. सवयी असतात एकेकीच्या.

४ सप्टेंबर

इथल्या शाळाही सुरू झाल्या. सकाळी बोळातून पांढऱ्या फितींच्या पोरी फुलं घेऊन चाललेल्या. मी बाकावर बसून बूट घालत होते. बराच वेळ घालत होते. मग एक चिमुरडी माझ्यासमोर थांबली, तिच्या गुच्छातलं एक फूल ओढून काढलं आणि मला दिलं. "तुम्ही आमच्या शाळेच्या का?" मी म्हटलं, नाही. तरी तिनं फूल परत घेतलं नाही.

डाव्या टाचेला फोड, उजव्या टाचेला दोन. मोजे लोकरीचे होते हे उलारबेकला सांगणार नाही.

५ सप्टेंबर, दुपार

पायांमुळे आज घरीच. ओपा गल्लीतल्या लग्नाला गेलीय, जाताना म्हणाली, "झोप काढ." झोप? मला? तासाभरात हात शिवशिवायला लागले. चार दिवस ही बाई मला खाऊ घालते, कधी ताट उचलू देत नाही. म्हटलं, आज तिला आश्चर्याचा धक्का देऊ.

स्वयंपाकघर धुतलं. किटल्या घासल्या, डबे पुसले, काचा लख्ख केल्या. मग स्टुलावर चढून तो नानही उतरवला. तिला वर हात पोचत नसणार, म्हणून राहिला असेल. आमच्याकडं दारातून परत फिरणाऱ्यालासुद्धा नानाचा तुकडा तोंडात घालावाच लागतो, जमिनीवर पडलेला तुकडा पाय लागू नये म्हणून उंचावर ठेवतात. आणि इथं अख्खा नान भिंतीवर वाळत! टाकून देणं तर पापच. खाऊन संपवणं हाच मार्ग.

दगड होता दगड. नानाला सुरी लावायची नाही, म्हणून बत्त्यानं फोडला. चावलेली कड तेवढी वेगळी काढली. दातांचे ठसे स्वच्छ दिसत होते, आणि कुणाचं उष्टं खाणं मला या जन्मी जमायचं नाही. ती अंगणाच्या भिंतीवर पाखरांना ठेवली. उरलेला ओपानं केलेल्या रश्श्यात अर्धा तास शिजवला आणि सगळा खाल्ला. खरं सांगायचं तर वरचे तीळ अजून खमंग होते.

आता वाट बघतेय. आल्यावर तिचा चेहरा बघायचाय मला.

५ सप्टेंबर, संध्याकाळ

बघितला.

आधी शेजारीण हुर्मतोय आली, लग्नघरचं पुलावाचं ताट घेऊन. तिच्यामागून ओपा. हुर्मतोयनं स्वयंपाकघरात पाऊल टाकलं, भिंतीकडं बघितलं आणि ताट तिच्या हातून निसटता निसटता राहिलं. "मुकर्रम! ओयबेकचा नान कुठंय?"

मी हसत सांगितलं, "खाल्ला मी."

"खाल्ला म्हणजे?"

"रश्श्यात घालून."

ओपा खुर्चीवर बसली. ओरडली असती तर बरं झालं असतं. हुर्मतोयच माझ्यावर तुटून पडली. "अहो बाई, पोरगा परदेशी निघाला की नानाचा एक घास चावतो. उरलेला घरात त्याची वाट बघतो. परत आला की त्यानंच तो संपवायचा. एवढंसुद्धा माहीत नाही? तुमच्याकडं नाही हे?"

"नाही," मी म्हटलं. "आमच्याकडं नान उरूच देत नाहीत."

"दीड वर्ष झालं तिचा ओयबेक कोरियात आहे. चार महिने झाले, ना फोन, ना निरोप. तेवढा एक नान होता घरात."

चार दिवसांत मी काय काय बोलले ते सगळं एकदम आठवलं. तुझी बरी, तुझा फोन वाजत नाही, असं म्हणाले होते मी तिला. आणि शिक्षिका म्हणवते स्वतःला!

मग आठवली ती कड. मी अनवाणी अंगणात धावले, फोड-बिड विसरून. भिंतीवर नव्हती. आम्ही तिघी मांडवाखाली ओणव्या होऊन शोधत होतो. हुर्मतोय एका हातानं पानं बाजूला सारत होती आणि तोंडानं मला झोडपत होती. शेवटी ओपालाच सापडली, भिंतीच्या पलीकडच्या बाजूला, सरपणाच्या मोळीवर. चिमण्यांनी ढकलली असावी. फुटली मात्र नव्हती. दातांचे ठसे तसेच. तिनं ती ओढणीच्या पदरानं पुसली, छातीशी धरली आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

उलारबेकचा फोन आला. पहिल्याच घंटेला उचलला आणि म्हटलं, "उद्याचं परतीचं तिकीट बघ."

"झाली ना गडबड! मी म्हटलं नव्हतं?" केवढा खूश! मग थांबला. "अपा, रडतेयस का?"

"नाही."

सॅक भरली. या वेळी एकदाच.

६ सप्टेंबर

हातात बूट घेऊन, आवाज न करता निघायचा विचार होता. ओपा अंगणात चहा घेऊन बसलेली. मला नखशिखांत बघितलं आणि विचारलं, "पोट दुखत नाही ना?"

मी बूट खाली ठेवले. "नाही," म्हटलं.

"दीड वर्षाचा नान, मास्तरीणबाई! मी एकदा धूळ पुसायला उतरवला होता, तेव्हाच दगड झाला होता. दात आहेत का खलबत्ता?" आणि हसली. हसता हसता डोळे पुसले, आणि मीही. दोघींचा चहा गार झाला.

मी तिची माफी मागितली. तीनदा मागितली. तिसऱ्यांदा तिनं हात वर करून थांबवलं. "पुरे. रात्रभर मी विचार केला. एक परकी बाई माझ्या घरी आली, भुकेली होती..."

"भुकेली नव्हते गं, नान वाया जाईल म्हणून..."

"मध्ये बोलू नकोस. एका परक्या बाईनं माझ्या पोराचा नान खाल्ला, माझ्या हातच्या रश्श्यात. मग तिकडंही कुणीतरी परकी बाई माझ्या पोराला आपल्या घरातलं काहीतरी वाढत असेल. असेलच. एवढं मला धरून चालू दे."

मग हळूहळू सगळं सांगितलं. कोरियातल्याच एकाकडून तिला कळलं होतं की ओयबेकचा कारखाना बंद पडला. तेव्हापासून तो फोन उचलत नाही. "रिकाम्या हातानं आईला काय तोंड दाखवू, असं वाटत असेल. लहानपणापासून तसाच. शाळेत कमी गुण पडले की छपरावर जाऊन बसायचा. मी शिडी लावायची, तो शिडी वर ओढून घ्यायचा."

असली पोरं मी चौतीस वर्षं पाहिलीत. त्यांना "ये बाळा, मी रागावणार नाही" म्हटलं की ती कधीच खाली येत नाहीत. "ओपा, त्याला काय निरोप धाडतेस तू?"

"हेच. ये बाळा, मी रागावले नाही."

"धाडू नकोस. भांडायला बोलव त्याला. आणि तुझ्याशी नको, माझ्याशी."

तिनं फोन हातात घेतला. मग तोंडाजवळ नेऊन सरळ आवाजात बोलली, "ओयबेक, तुझा नान एका किर्गिझ मास्तरणीनं खाल्ला. रश्श्यात बुडवून, अख्खा. हा तिचा नंबर. भांडायचं असेल तर तिच्याशी भांड." निरोप गेला, त्यामागून माझा नंबर.

उलारबेकला कळवलं, तिकीट नको. तो तडकला, "अपा, अट काय ठरली होती? गडबड झाली की परत!"

"गडबड झालेली नाही, मी केलीय. अट नीट आठव."

त्यानं अट शब्दाशब्दानं पुन्हा म्हणून बघितली. मग म्हणाला, "वकिलीण व्हायला हवी होतीस तू." मी सॅक रिकामी केली.

७ सप्टेंबर

निरोप पोचला. ऐकला गेला, तशी खूण आली. उत्तर नाही.

ओपा दिवसभर बटाटे चिरत होती. मोठे.

८ सप्टेंबर, समरकंदच्या गाडीत

सगळं क्रमानं लिहिते.

सकाळी जाग आली ती धुरानं. ओपानं तंदूर पेटवलेला. पहिला नान काढला, फुंकून माझ्यासमोर धरला आणि म्हणाली, "चाव."

"वाटेसाठी ना? बांधून दे."

"चाव म्हणते ना!"

मी चावले. जीभ भाजली. तिनं नान परत घेतला, स्टूल ओढलं आणि स्वतः चढून खिळ्याला अडकवला. शेजारी दुसरा खिळा होता, नवा. त्यावर ओयबेकची कड, दोऱ्यानं बांधलेली. "आता हा संपवायला तुलाच यायचंय," ती खाली उतरत म्हणाली. "आणि यापुढं स्वयंपाकघराला कुलूप. मास्तरणींचा भरवसा नाही."

मला कुणी कधी असं घरी टांगून ठेवलं नव्हतं. तिच्या गळ्यात पडले. केशरी सॅकसकट. दोघी पडता पडता वाचलो. माझ्या सॅकमधले लोकरीचे मोजे मी तिला दिले. या उन्हात ती ते घालणार नाही, पण नको म्हणाली नाही.

गाडी सुटून अर्धा तास झाला असेल. खिडकीबाहेर कापसाची शेतं, पांढरी व्हायला लागलेली. मी खूश होते, समरकंदचा नकाशा मांडीवर होता, आणि फोन वाजला. भला लांबलचक अनोळखी नंबर.

तरुण आवाज, घोगरा. "माझा नान खाल्ला त्या तुम्हीच का, खाला?"

त्यानं मला खाला म्हटलं, म्हणजे मावशी. पण आवाज मी वर्गातलाच काढला. "मीच. काय म्हणणं आहे तुझं?"

"तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं?"

"नव्हतं. तू दीड वर्ष भिंतीवर टांगून ठेवलास. आमच्याकडं असं करत नाहीत."

मागे कुठंतरी भांड्यांचा आवाज येत होता. मग त्यानं विचारलं, "अख्खा खाल्लात?"

"तू चावलेली कड सोडून. ती आहे. आईनं नवीन खिळ्याला बांधलीय."

मग अगदी हळू, "रस्सा आईच्याच हातचा होता?"

"तिच्याच."

"बटाटे मोठे चिरते अजून?"

"केवढाले! मी तिला बोललेसुद्धा."

"तुम्ही नका बोलू तिला," तो म्हणाला. "मला तसेच लागतात."

"मग हे मला कशाला सांगतोस? मी काय तुझी आई आहे? छपरावरून खाली उतर आणि तिला फोन लाव. आत्ता. मी दहा मिनिटांनी तपासणार आहे."

"हो, खाला," म्हणाला. अगदी वर्गात म्हणतात तसं.

दहा मिनिटं घड्याळ बघत बसले. समोरच्या बाईनं टरबुजाची फोड दिली, ती हातातच राहिली. मग मुकर्रम-ओपाला फोन लावला. लाइन व्यस्त. पाच मिनिटांनी पुन्हा लावला. व्यस्त. जिझाख स्टेशन गेलं तरी व्यस्त. चौथ्यांदा लावला नाही. कशाला मध्ये पडू?

आज सकाळपासून उलारबेकचा एकही फोन नाही. रुसला असेल. मीच लावला त्याला.